सुरमई थोडी, तारली फार

कोकणातल्या बंदरांवर तारली टोपल्यांनी उतरते, सुरमई नगाने मोजली जाते. हे प्रमाण नशिबावर ठरत नाही. त्यामागे समुद्राचा रोकडा हिशेब आहे.

हिशेबाची सुरुवात सूर्यप्रकाशापासून होते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळ-कर्नाटकाच्या बाजूला, खोल पाणी वर येतं आणि नायट्रेट, फॉस्फेटसारखे क्षार वर आणतं. या खतावर आणि सूर्यप्रकाशावर डायटमसारखे सूक्ष्म वनस्पतीप्लवक झपाट्याने वाढतात. त्यांना कोपेपॉडसारखे इवले प्राणी खातात, आणि तारली या दोघांवर जगते. ताज्या तारलीचं कल्ल्याचं झाकण उचलून पाहा. आत कंगव्याच्या दातांसारखे बारीक, दाट काटे दिसतील. तोंडात घेतलेलं पाणी कल्ल्यांतून निघून जातं, प्लवक काट्यांत अडकतात. सुरमईच्या जबड्यात मात्र धारदार त्रिकोणी दात असतात, कारण तिचं पोट तारलीसारख्या माशांवर भरतं.

पण खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. काही न पचताच बाहेर पडतं. पोहण्यात, श्वसनात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. अन्नसाखळीच्या पुढच्या पायरीला सरासरी दहा टक्केच उरते. म्हणजे ढोबळमानाने किलोभर सुरमईमागे दहा किलो तारली आणि तिच्यामागे निदान शंभर किलो प्लवक.

ऊर्जेच्या या जमाखर्चाचा पाया अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सीडर बॉग या लहानशा तळ्यावर घातला गेला. तिथे अभ्यास करणाऱ्या रेमंड लिंडेमन यांचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. तो १९४२ मध्ये छापून आला, तेव्हा लिंडेमन हयात नव्हते. अवघ्या २७व्या वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

समुद्रात एक गंमत आहे. एखाद्या क्षणी वजन केलं, तर वनस्पतीप्लवक त्यांना खाणाऱ्या प्राण्यांपेक्षा कमी भरू शकतात. ते दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने फस्तही होतात. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा त्यांचाच. पायऱ्या एकावर एक रचल्या, तर वजनाचा मनोरा असा उलटा होऊ शकतो, ऊर्जेचा कधीच नाही.

ऊर्जा पायरीगणिक घटते; पाऱ्याची चाल याच्या विरुद्ध. तो सहजी शरीराबाहेर पडत नाही, म्हणून पायरीगणिक साठत जातो. मोठ्या शिकारी माशांत तो जास्त सापडतो, तारलीत कमी.

आता तारली केवळ आपल्या ताटात येत नाही. तिचं फिशमील होऊन कोळंबीच्या तळ्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यातही जातं. जास्त जाळी टाकून सुरमई वाढणार नाही. ती टिकायची, तर तिच्या वाट्याची तारली समुद्रात शिल्लक ठेवावी लागेल.