अहवालातील ‘असामान्य पेशी’ म्हणजे काय?

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण गालाच्या आतले अस्तर हळुवार खरवडून, मिथिलिन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पसरट पेशी व त्यांच्या मधोमध लहानसे केंद्रक दिसते. गर्भाशयमुखाच्या बाहेरील भागाचे आवरणही अशाच पेशींच्या थरांचे असते. तेथील पेशी रंगवून तपासण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी रुजवली. म्हणून ती ‘पॅप तपासणी’.

या आवरणात पेशींचे विभाजन सर्वांत खालच्या थरात होते. वर सरकताना पेशी पसरट होतात, केंद्रक आकसते. मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, काही प्रकार खालच्या थरातील पेशींत शिरतात. त्यांची ई६ व ई७ ही प्रथिने पेशीविभाजनाला लगाम घालणारी पी५३ व आरबी ही आपली प्रथिने निकामी करतात. मग पेशी विभागत राहतात, पक्व होत नाहीत. वरच्या थरातही केंद्रक मोठे, गडद व वेडेवाकडे दिसते. यांनाच आपण असामान्य पेशी म्हणतो.

हा बदल सौम्य असेल तर बहुधा संसर्ग ताजा असतो. शरीराची प्रतिकारशक्ती तो साधारणतः एक-दोन वर्षांत आटोक्यात आणते आणि पेशी पूर्ववत होतात. तीव्र बदल मात्र टिकून राहिलेल्या संसर्गाची खूण असू शकते. त्यातून कर्करोग होण्यासही सहसा दहा किंवा अधिक वर्षे लागतात. म्हणजे ‘असामान्य’ या शब्दाचा अर्थ ‘कर्करोग’ असा नव्हे. सौम्य बदलात एचपीव्ही चाचणी किंवा काही काळाने फेरतपासणी करतात. तीव्र बदलात दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहून गरजेनुसार तुकडा तपासतात. बदललेला भाग वेळीच काढला, तर बहुतेकदा कर्करोग टळतो.

पण अहवाल निर्दोष आला म्हणजे कायमची निश्चिंती का? नाही. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने तशी ठळक घट झाली नाही. एका नमुन्यात बदललेल्या पेशी निसटू शकतात, म्हणून पॅप तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा करावी लागते.

हा कर्करोग हाताशी वर्षे देतो. ‘असामान्य’ शब्दाला घाबरून पुढची तपासणी टाळली, तर तीच वर्षे वाया जातात. पेशींचा धडा शिकवताना एवढे सांगितले, तरी ते घरोघरी पोहोचेल.