फोनला खाणाखुणा कळतात का?

फोन झुकवून धावपटूला डावी-उजवीकडे न्यायचा ‘टेम्पल रन’ हा खेळ कधीतरी पलंगावर कुशीवर पडून खेळून पाहावा. पडद्यावरचा धावपटू वाटेच्या एका कडेला चिकटून पळत राहतो, समोरच्या नाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरमध्ये सिलिकॉनचा इवलासा ठोकळा तितक्याच इवल्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षणामुळे तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून कल मोजला जातो. फोन मुद्दाम झुकवलाय की खेळणाराच आडवा झालाय, हे त्या ठोकळ्याला कुठून कळणार? शिवाय २०११च्या या खेळात उडी मारायला बोट लागतंच.

आवाजावर चालणारे खेळ आणखी भोळे. २०१७ मध्ये जपानमधल्या एका खेळानं धुमाकूळ घातला होता. त्याचा नायक म्हणजे पाय फुटलेलं, संगीतलिपीतलं एक स्वरचिन्ह! हळू आवाज काढला की ते चालतं, ओरडलं की उडी मारतं. शब्दांशी काही देणंघेणं नाही, फक्त आवाजाची पातळी मोजायची. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी चालेल.

गुगलनं २०१९ च्या ‘पिक्सेल ४’ मध्ये थेट रडारच बसवलं. ६० गिगाहर्ट्झच्या लहरी हातावर आपटून परत येत आणि पडद्यासमोर नुसता हात हलवला की त्यावरचं पोकेमॉन हे कार्टूनपात्र प्रतिसाद देई. भारतात मात्र या लहरींना परवानगी नसल्यानं तो फोन इथे विकायलाच आला नाही. पुढच्या ‘पिक्सेल ५’ मधून रडार गायब झालं.

मग उरतो चेहरा. इथे खरी गंमत आहे. ‘बिफोर युअर आइज’ या खेळात कॅमेरा डोळ्यांवर नजर ठेवतो. पापणी लवली की गोष्टीतला काळ झर्रकन पुढे सरकतो. आवडता प्रसंग धरून ठेवायचा तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर टक लावून बसायचं. पापणी मुद्दाम मिटली की आपसूक, हा बाकीच्या खेळांना छळणारा प्रश्न इथे कथेचा प्राण होतो. २०२२ मध्ये हा खेळ फोनवरही आला.

हौसेपलीकडची गरज असलेलेही आहेत. स्नायूंच्या आजारामुळे हातपाय हलवू न शकणाऱ्या लान्स कार या अमेरिकी गेमरच्या अनुभवातून गुगलचं ‘गेमफेस’ हे सॉफ्टवेअर घडलं. डोकं वळवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, तोंड उघडलं किंवा भुवई उचलली की क्लिक होतं. २०२४ मध्ये ते अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही खुलं झालं. भुवई किती उचलली म्हणजे क्लिक समजायचं, हे त्यात ज्याचं त्यानं ठरवायचं.