कुलूप फायलीला, किल्ली कोणाकडे?

संगणकाचे नाव निघाले की आपण कलाशाखेची मंडळी हात झटकून मोकळी होतो. परंतु जुन्या अंकांची शब्दसूची करण्यासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांनी पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहावयास घेतला, आणि त्यात जे कोडे पुढे आले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी चाचण्या लिहितात. चाचणी म्हणजे काय, तर एक तात्पुरती फाइल निर्माण करावयाची, तीत चार शब्द घालावयाचे, मोजणी जुळते का ते पाहावयाचे आणि शेवटी ती फाइल काढून टाकावयाची. लिनक्सवर साऱ्या चाचण्या उत्तीर्ण! विंडोजवर मात्र नापास. गंमत अशी की, मोजणी अचूक. अडले ते शेवटच्या काढून टाकण्यापाशी. दोष क्रमांक ३२ : दुसरी प्रक्रिया ही फाइल वापरीत आहे. (संदेशात 'दुसरी' म्हटले असले तरी चोर बहुधा घरातलाच असतो.)

आपल्या ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. वाचक पुस्तक उघडून बसला आहे आणि ते बाद करावयाचे आहे. लिनक्सचा ग्रंथपाल यादीतले कार्ड फाडतो, वाचकाला वाचू देतो, आणि त्याने पुस्तक मिटल्यावर ते निकालात काढतो. विंडोजचा ग्रंथपाल सहसा म्हणतो, "आधी पुस्तक परत द्या, मग बघू." म्हणजे पुस्तक उघडे राहिले आहे, हा दोष दोन्हीकडे सारखाच, एकीकडे तो दिसत नाही इतकेच.

अशा वेळी सोपा उपाय सुचतो तो दोन सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करण्याचा. मला तो पटत नाही. विषाणुरोधक प्रोग्राम नवी फाइल क्षणभर उघडून तपासतो, तेव्हा थोडे थांबणे योग्यच. पण आपल्याच हातातले पुस्तक दोन सेकंदांनी आपोआप कसे मिटेल?

खरी मेख निराळीच होती. शब्दसूची एसक्यूलाइटमध्ये साठविलेली. पायथनमध्ये 'विथ' या शब्दाने साधी फाइल उघडली, की काम संपताच ती आपोआप मिटते. तोच 'विथ' एसक्यूलाइटच्या जोडणीला लावला, तर तो बदल कायम करतो, चूक झाल्यास मागे घेतो, परंतु जोडणी बंद करीत नाही! शब्द एक, अर्थ दोन. व्याकरणाच्या प्राध्यापकांना हे नवीन नसावे. तेव्हा 'क्लोज' ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि तीही 'फायनली' या भागात, म्हणजे चाचणी मध्येच कोसळली तरी जोडणी बंद होते. शिवाय प्रत्येक चाचणीला स्वतःचे वेगळे फोल्डर द्यावे. दोन चाचण्या एकाच वेळी एकाच फायलीवर तुटून पडल्या तर मिटवामिटवीचाही उपयोग नाही.

पायथनच्या २०२४ साली आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून अशी जोडणी उघडी राहिल्यास तसा इशारा देण्याची सोय झाली आहे. तो लिनक्सवरही मिळतो. मात्र इशारे दाखविण्याची व्यवस्था चालू ठेवलेली हवी.