शेवटच्या रांगेतल्या माणसाचे मैदान

कुस्ती पाहायची म्हणजे पाठ मातीला टेकली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. जत्रेच्या फडात ते पुढच्या दोन-चार रांगांनाच दिसते. मागचे लोक हलगीच्या ठेक्यावरून आणि पुढच्यांच्या आरोळीवरून निकाल ओळखतात. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या यात्रांमध्ये आजही हेच चालते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाने ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच सोडवली.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी 1902 मध्ये शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तसे मैदान आपल्या पैलवानांसाठी बांधायचे मनात घेतले. 1912 मध्ये ते उभे राहिले. मधोमध तांबड्या मातीचा उंच हौदा, भोवती मोकळे रिंगण आणि त्यापलीकडे गोलाकार चढत गेलेली बैठक. मध्ये एकही खांब नाही. तीसेक हजार माणसे बसली तरी शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला ढाक लागलेली दिसते, धोबीपछाड दिसते.

रोमची नक्कल म्हणून खासबागेकडे पाहणे मला पटत नाही. कलोसियममध्ये प्रतिष्ठितांच्या जागा रिंगणालगत होत्या आणि गरीब, स्त्रिया पार वर. तिथे माणसे मरताना पाहायची होती. इथे हरलेला पैलवान उठून माती झटकतो आणि जिंकलेल्याला मिठी मारतो. महाराज त्या दौऱ्यावर असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला होता. तो आदेश आणि हे मैदान यांमागे एकच मन आहे.

सुरुवातीच्या गाजलेल्या जोडीत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन होते. इमामबक्ष हा गामा पैलवानाचा भाऊ. 1910 मध्ये दोघे भाऊ लंडनला जाऊन आले होते; तिथे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवले होते. अशा तोलाचे मल्ल कोल्हापूरच्या मातीत उतरत, कारण तिथे राजाश्रय होता, तालमींत खुराक होता आणि डाव ओळखणारा प्रेक्षक होता.

मैदानाला खेटूनच 1915 चे केशवराव भोसले नाट्यगृह आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडले, हे मी कौतुकाने सांगतो. वास्तूवर इतका जीव असलेले गावच ती पुन्हा उभी करू शकते.

नाशिकने कोल्हापूरकडून शिकावे. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत तयार झालेल्या हर्षवर्धन सदगीरने जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, नाशिकचे नाव राज्यभर नेले. आता सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात मोठी कामे निघत आहेत. त्यांत एक गोल, उतरत्या बैठकीचे, तांबड्या मातीचे मैदान महापालिकेने धरावे आणि नाशिककरांनी ते मागून घ्यावे.