हातमोजे, विद्युत् तापित

विद्युत् घटमालेच्या (बॅटरीच्या) साहाय्याने हातांना ऊब देणारे मोजे. स्कीइंग (बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ), गिर्यारोहण व अतिशीत प्रदेशातील पहारा यांसाठी ते वापरतात. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) उघड्या विमानांतून उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना असे मोजे पुरविण्यात आले होते. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आल्यानंतर हलके, स्वयंपूर्ण मोजे तयार करणे सुलभ झाले.

थंडीत शरीर अंतर्गत इंद्रियांची उष्णता टिकविण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांत स्नायू अत्यल्प असल्याने त्यांची ऊब मुख्यतः रक्तप्रवाहावर अवलंबून असते; म्हणून ती प्रथम गारठतात. स्कीइंगमधील वेगामुळे वारा अधिक झोंबतो. हवेचे तापमान -१०° से. व वारा ताशी ४० किमी. असल्यास उघड्या त्वचेला सु. -२१° से.इतकी थंडी जाणवते. ऊतके गोठल्यास हिमदंश होऊन बोटे गमवावी लागण्याचा संभव असतो.

मोज्याच्या अस्तरात हाताच्या पाठीवरून बोटांच्या टोकांपर्यंत रोधक तार किंवा कार्बन तंतू बसविलेले असतात. त्यांतून विद्युत् प्रवाह गेला म्हणजे उष्णता निर्माण होते. घटमाला मनगटाजवळील खिशात ठेवतात. ७·४ व्होल्ट व २·२ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेत सु. १६ वॉट-तास ऊर्जा असते. ती ४ वॉट शक्तीस सु. चार तास, तर ८ वॉट शक्तीस सु. दोनच तास पुरते. थंडीत घटाचा अंतर्गत रोध वाढून हा काळ आणखी घटतो. म्हणजे थंडी जितकी तीव्र, तितका या साधनाचा भरवसा कमी. म्हणून विद्युत् ऊब ही जाड, कोरड्या व वारारोधक मोज्यांस पूरक समजावी, पर्याय नव्हे. चारही बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात.

बधिर बोटांना चटका जाणवत नाही. त्यामुळे ती गारठण्यापूर्वीच मोजे सौम्य तापमानावर सुरू करणे हितावह असते. हिमदंश झालेला भाग चोळू नये किंवा शेकू नये. त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

नागपूरसारख्या ठिकाणाहून गुलमर्ग वा औली येथे काही दिवसांपुरते जाणाऱ्यांच्या बाबतीत वर्षातील उरलेला काळही महत्त्वाचा ठरतो. नागपूर येथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते आणि पूर्ण भारित लिथियम-आयन घट अशा उष्णतेत लवकर निकामी होतात. ते सु. निम्मे भारित करून थंड, कोरड्या जागी ठेवावेत. ०° से.च्या खाली ते भारित करू नयेत. विमानप्रवासात सुटे घट सामानकक्षात न देता स्वतःजवळ बाळगावे लागतात.