औषध घरी आलं, तेव्हापासून

क्षय झाला म्हणजे घर सोडायचं, असा पन्नासच्या दशकापर्यंतचा शिरस्ता होता. ऐपत असेल त्याने पाचगणी गाठायची, कुणी मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये जायचं, मुंबईतल्यांनी शिवडीला. खाट मिळाली नाही तो घरातच एका कोपऱ्यात झिजायचा. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून वर्षभर तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरचे रोगी जवळपास तितकेच बरे झाले होते. जगभरची सॅनेटोरियमं पुढे ओस पडली, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

मला त्यातला एक बारीक तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. केंद्राची माणसं न कळवता रोग्याच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरंच पोटात गेलं का ते बघत. गोळ्या हातात दिल्या म्हणजे काम झालं असं त्या डॉक्टरांनी मानलं नव्हतं. आपल्या देशात औषध दवाखान्यातून घरात आलं त्या पहिल्या पावलाबरोबर ही जागरूकता आली होती. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत औषधं घरोघर पोचली, जागरूकता मात्र फार थोड्या ठिकाणी टिकली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मी जे पाहत आले, त्याचा सारांश हाच.

त्याआधीचा काळ कंपाउंडरचा. घरून धुऊन आणलेली बाटली पुढे करायची, तो मोठ्या बरणीतलं मिक्श्चर त्यात ओतायचा आणि कडेला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या कागदाच्या पुड्यांत, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. आत काय आहे हे रोग्याला कधीच कळत नसे, आणि ते वाईटच होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर सांगणार काय? पण मोजायचं, वाटून द्यायचं आणि तोंडी समजावायचं काम एका माणसाकडे होतं. सात पुड्या संपल्या की औषध संपलं. घरात उरत काही नसे.

गोळ्यांची पाकिटं आली, कंपाउंडर मागे पडला आणि ते काम अलगद घरावर येऊन पडलं. घरावर म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईवर. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. वाचता येणाऱ्याला ते सोपं वाटतं. पण सासूबाईंची बीपीची, शुगरची, थायरॉइडची आणि सासऱ्यांची रक्त पातळ करण्याची अशा चार-पाच चिठ्ठ्या एका घरात जमल्या की हा हिशेब सांभाळणं म्हणजे एक नोकरीच होते. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. हे कुणी सांगितलेलं नसतं. मग वर्षानुवर्षं दोन्ही एकत्र घेतल्या जातात, तपासणीचा आकडा बिघडतो आणि डॉक्टर डोस वाढवतात.

पाकीट कापून देण्याची पद्धत तर अजून चालू आहे. दहाची स्ट्रिप, गिऱ्हाइकाला हव्यात चार. कात्री चालली की नाव एका तुकड्यावर राहतं आणि एक्सपायरी दुसऱ्यावर. घरी डब्यात पडलेला बिननावाचा चंदेरी तुकडा हा माझ्या लेखी घरातला सगळ्यात धोक्याचा जिन्नस. अनेक घरांतून मी असे डबे मागवून घेतले आहेत, बिस्किटांचे, मिठाईचे. त्यात हमखास एक गोष्ट सापडते: एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. एक आपल्या डॉक्टरने दिलेलं, दुसरं इस्पितळातून घरी सोडताना मिळालेलं. नावं वेगळी, म्हणून औषधं वेगळी समजून दोन्ही चालू. चक्कर येते, म्हातारं माणूस न्हाणीघरात पडतं, आणि दोष वयाला दिला जातो.

पॅरासिटॅमॉलची गंमत नाही, गोंधळच आहे. तापाची गोळी म्हणून ते घेतात, सर्दीच्या गोळीतही तेच असतं, अंगदुखीच्या गोळीतही पुष्कळदा. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम. ६५० च्या गोळ्या आणि वरून सर्दीच्या गोळ्या घेणारा तापलेला माणूस तिथवर सहज पोचतो. लहान मुलांचं त्याहून नाजूक. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० ते २५०. थेंबांचं औषध कुणी सिरप समजून चमच्याने ५ मिलिलिटर पाजलं, तर बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम जातं. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर किंवा टोपणाचं माप फेकून देऊ नका, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, असं मी प्रत्येक नव्या आईला सांगत आले. आजीला मुद्दाम सांगायचं, कारण रात्री दोन वाजता औषध पाजते ती आजी.

याच काळात कायद्याने काय केलं तेही नोंदवायला हवं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशीने औषध यंत्रणेचं पितळ उघडं पाडलं. २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइड बंद झालं. २०१४ पासून ४६ औषधांची एच-वन ही नवी यादी लागू झाली. ती देताना रोग्याचं, डॉक्टरचं नाव आणि गोळ्यांची संख्या नोंदवून वही तीन वर्षं जपावी लागते. २०१६ मध्ये पाकिटावरची उभी लाल रेघ लोकांना ओळखीची व्हावी म्हणून मोहीम निघाली. त्याच वर्षी डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं असा दंडक आला. सगळं आवश्यकच होतं. मात्र हे सगळे नियम कारखान्याला, दुकानाला आणि डॉक्टरला लागू. उंबरठ्याच्या आत पुढे काय होतं याची कुठेच नोंद नाही.

उंबरठ्याच्या आतलं सगळ्यात अवघड औषध म्हणजे इन्शुलिन. आपल्याकडे ते दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनच्या काड्यांतलं १०० युनिट. चाळिसाच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभराच्या सिरिंजचं केशरी. आता एखाद्या रात्री पेन बिघडलं आणि मुलाने त्यातली काडी काढून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर त्याच्या हातून २० नव्हे, ५० युनिट जातात. तासा-दोन तासांत दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बडबड, मग शुद्धच हरपते. लाल-केशरीचा हा फरक सिरिंज विकताना दोन वाक्यांत सांगून होतो. मी तो बाटली आणि सिरिंज शेजारीशेजारी धरून, आकड्यावर बोट ठेवून दाखवत असे.

लोडशेडिंगच्या वर्षांत, म्हणजे साधारण २००५ नंतर, गावोगाव दहा-बारा तास वीज नसायची आणि फ्रिज हे नुसतं कपाट व्हायचं. तेव्हा लोकांनी आपली अक्कल चालवली: लहान मडकं, भोवती ओली वाळू, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली. सावलीत ठेवलं तर चांगलं चालतं. उलट ज्यांच्याकडे वीज होती त्यांनी कित्येकदा इन्शुलिन फ्रीझरला चिकटवून ठेवलं आणि गोठवलं. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, उपयोगाचं राहत नाही. फ्रिजच्या मधल्या फळीवर, २ ते ८ अंशांत ते सुरक्षित. वापरायला काढलेली बाटली चार आठवडे बाहेर चालते, पण त्यासाठी खोली गार हवी; चंद्रपूरच्या मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही.

उपासाचं कुणी विचारतच नाही. आषाढी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणातले सोमवार. आपल्या घरांत वर्षातला बराच काळ कुणी ना कुणी उपाशी असतं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतेच. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याला तर चालण्याचे श्रमही जोडीला. देवाचं मोडू नका, पण निघण्याआधी डॉक्टरला उपासाचे दिवस सांगून डोस ठरवून घ्या, एवढं म्हटलं की लोक ऐकतात. माझा अनुभव तरी तसाच आहे.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सर्रास दिलं जाऊ लागलं तसा एक नवा धोका घरात आला. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि तिच्या जोडीची फॉलिक अ‍ॅसिडची वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्या. बाकी सगळी औषधं रोजची, म्हणून हीही रोज घेतली जाते. तोंड फोडांनी भरतं, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि जिवावर बेतू शकतं. मी पाकिटावर स्केचपेनने वाराचं पूर्ण नाव लिहायची: सोमवार. नुसता ‘सो’ लिहून भागत नाही.

या सगळ्या काळात सरकारने औषध गिळणं हेच काम मानून त्यासाठी माणूस नेमला तो पुन्हा क्षयरोगातच. १९९७ पासून डॉट्स पसरलं. आरोग्य केंद्रात रोग्याच्या नावाची खोकी असत. नव्या रोग्याचं लाल, पुन्हा उपचार सुरू केलेल्याचं निळं. आठवड्यातून तीनदा अंगणवाडीताईसमोर, आशाताईसमोर किंवा गावातल्या एखाद्या विश्वासू माणसासमोर गोळ्या घ्यायच्या. त्या ताया पहिल्याच दिवशी सांगत की लघवी नारिंगी-लाल होईल, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. एवढ्या एका वाक्याने किती उपचार टिकले असतील! २०१७ मध्ये तीन दिवसांऐवजी रोजचा डोस देशभर आला. या पद्धतीत उणिवा होत्या. मजुरीला जाणाऱ्या माणसाला ताईची वेळ जमत नसे आणि दारावर ताई आली की शेजारी कुजबुजत. तरीही घरातल्या रोग्याला औषध द्यायला शिकवणारी दुसरी इतकी मोठी व्यवस्था मी पाहिली नाही.

शहरांत गेल्या वीस वर्षांत ब्युरोच्या मावशी आल्या. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. मुलं पुण्या-मुंबईत किंवा न्यू जर्सीत, ती व्हिडिओ कॉलवर गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. सकाळची गोळी मावशींनी दिली, त्यांची पाळी संपताना सुनेने पुन्हा दिली, आणि विसरभोळ्या आजोबांनी ‘मला दिलीच नाही’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा मिळाली, असंही घडलेलं आहे. ज्या घरात डब्याशेजारी साधी शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन असतं, गोळी दिल्या दिल्या वेळ आणि सही होते, तिथे हे होत नाही. नाकात नळी असलेल्या रुग्णांच्या घरी खलबत्त्यात सगळ्या गोळ्या एकत्र कुटतात. हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली, नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम उतरतो. त्याऐवजी पातळ औषध किंवा दुसरी गोळी मिळते का, हे विचारायचं असतं.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने जाणारे आई-बाबा औषधांची पिशवी भरून नेतात. तिथे पॅरासिटॅमॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात; आपली गोळी आणि तिथली गोळी एकाच दिवशी घेतली जाते, ती यामुळे. ब्रँडच्या नावांची यादी नेऊन उपयोग नाही, मूळ नावांची न्या.

२०२०-२१ मध्ये, कोविडच्या काळात, अख्खा देशच घरी औषध घेऊ लागला. सौम्य आजारात पोटातून स्टेरॉइड देऊ नये असं घरी राहणाऱ्या रुग्णांसाठीच्या सरकारी सूचनांत लिहिलेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांत मात्र स्टेरॉइड असायचंच. शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात येणाऱ्यांना परत पाठवताना भांडणं झाली. साखर बेफाम वाढलेले रोगी आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. दोष कारखान्याचा आणि तपासणीचा, आई-बापांचा तिळमात्र नाही. पण दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नये आणि पाचपर्यंत शक्यतो टाळावं, ही सूचना तेव्हा केंद्राने काढली, ती घराघरात पोचायला इतकी मुलं जावी लागली याचा राग माझ्या मनातून जात नाही.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, काय त्रास होऊ शकतो हे फार्मासिस्टने रोग्याला समजावणं अपेक्षित आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवर ते होत नाही, आणि इस्पितळातून सोडताना बिल भरण्याच्या घाईत तर मुळीच नाही. तुम्ही अडवून विचारा. सांगून झालं की फार्मासिस्टला तेच उलट सांगून दाखवा, तो चूक असेल तिथे थांबवेल. आणि घरी काही विपरीत घडलं, तर आधी डॉक्टर गाठा, मग ते कळवा: औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी देशाची यंत्रणा १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रोग्याचं आणि घरच्यांचं म्हणणंही ऐकते, तिचा फॉर्म मराठीतही मिळतो.