होडीच्या तळाला भोक पाडताना

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. पाण्याची खोली आणि होडीचा वेग सांगणारा सेन्सर बसवायची हीच वेळ. त्यासाठी तळाला आरपार भोक पडतं. होडी घरधन्याची, पण गटाच्या कर्जाचा हप्ता आपल्या नावावर. म्हणून मिस्त्रीजवळ उभ्या राहा.

जागा पंख्याच्या पुढे हवी, बुडबुड्यांत खोली चुकते. फायबरच्या आत प्लायवूड असेल तर कापलेल्या कडेला रेझिन लावायला सांगा, नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजतं. मग होडीसाठीचं सीलंट भरून नट आवळायचा आणि ते पूर्ण सुकू द्यायचं.

होडी पाण्यात उतरली की लगेच आत बघा, तीन तासांच्या आत पुन्हा बघा. थेंब दिसला तरी होडी वर घ्या. चार दिवस उशीर परवडतो, बुडालेली होडी नाही.